पोच देण्याआधी

(युवा कार्यकर्ता शिबिरात केलेल्या मांडणीचं शब्दरूप)



सकाळपासून तुम्ही पोटगी, मेहर, शिष्यवृत्ती, मुलींचं शिक्षण अशा विषयांवर ऐकता आहात. त्यात मध्येच सर्व्हर आणि डिस्क कुठून आलं, असं काहींना वाटलं असेल. संयोजकांनी मला सांगितलं, की आपल्या संस्थांची वेबसाईट आणि मेल बंद पडू नये म्हणून काय करायचं, ते सोप्या शब्दांत सांग. माझं रोजचं काम हेच आहे, त्यामुळे मी हो म्हणालो. पण आणखी एक कारण आहे. तुमच्यातले बरेच जण कॉम्प्युटर शिकत आहात. उद्या कुठल्याही संस्थेत गेलात की "तुला यातलं कळतं ना?" म्हणून हे काम तुमच्याच गळ्यात पडणार. माझ्याही पडलं होतं. मी ते आनंदाने केलं आणि त्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून आज बोलतोय.

काही वर्षांपूर्वी मी नोकरी सांभाळून एका संस्थेचं काम बघत होतो. संस्थेचं नाव घेत नाही, कारण चूक तिची नव्हती. तिथे महिलांसाठी कायदेशीर मदत केंद्र चालायचं. वेबसाईटवर एक फॉर्म होता आणि एक मेलचा पत्ता होता. निकाहनामा, नोटीस, पासबुकचं पान, मुलांचे जन्मदाखले, असे कागद फोटो काढून पाठवले जायचे. पाठवणाऱ्या अनेकींचा स्वतःचा मेल नसायचा. मोबाईलच्या दुकानातला पोरगा किंवा शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी पाठवून द्यायची. म्हणजे एक मेल पाठवायचा तरी घराबाहेर पडावं लागायचं, आणि दोन माणसांना घरातली गोष्ट सांगावी लागायची.

सगळं एकाच सर्व्हरवर होतं. तो वर्षातून एक-दोनदा रुसायचा आणि दिवसभर सगळं ठप्प व्हायचं. केंद्राचं काम बघणाऱ्या ज्येष्ठ कार्यकर्त्या, त्यांना आम्ही सगळे आपा म्हणतो, एकदा वैतागून म्हणाल्या, "एक बंद पडला तर दुसरा चालेल असं काही कर ना." मी दुसरा सर्व्हर भाड्याने घेतला. दोन्ही एकाच डेटा सेंटरमध्ये, शेजारीशेजारी. मला वाटलं, निम्मं काम झालं.

खरं काम तिथून सुरू होतं. कसं ते सांगतो.

तहसील कचेरीतली आवक खिडकी आठवा. आपण अर्ज देतो, कारकून नोंदवहीत लिहितो, शिक्का मारून पोच देतो. आता गर्दी वाढली म्हणून दोन खिडक्या केल्या. प्रत्येक खिडकीमागे वेगळं कपाट असेल तर काय होईल? तुम्ही अर्ज एक नंबरला दिलात आणि चौकशीला दोन नंबरला गेलात, तर "असा अर्ज आलेलाच नाही" असं उत्तर मिळेल. कारकून खोटं बोलत नाही. त्याच्या कपाटात अर्ज खरंच नसतो.

दोन वेब सर्व्हरचं हेच होतं. कुणीतरी फॉर्म भरून निकाहनाम्याचा फोटो चढवला आणि तो पहिल्या सर्व्हरच्या डिस्कवर गेला. केंद्रातली कार्यकर्ती तो उघडायला गेली, तर तिची विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे गेली. तिथे फोटो नाही. पान पुन्हा उघडलं की दिसतो, पुन्हा उघडलं की गायब. मेलचंही तसंच. सकाळी वाचलेला मेल दुपारी न वाचलेला दिसतो, काही मेल दिसतच नाहीत. म्हणून दोन खिडक्यांमागे एकच कपाट लागतं. यालाच सामायिक स्टोरेज म्हणतात.

पण कपाटात काय ठेवायचं हे आधी ठरवा. नवखा माणूस सगळंच सामायिक करायला जातो. मीही तेच करणार होतो. वेबसाईटचा कोड सामायिक डिस्कवर ठेवायची गरज नाही, गिटमधून त्याची तीच प्रत दोन्ही सर्व्हरवर उतरवता येते. कोण लॉगिन आहे ही माहिती डेटाबेसमध्ये ठेवता येते. डेटाबेसला स्वतःची प्रत ठेवायची स्वतंत्र सोय असते, ती वापरावी. त्याच्या फाईली सामायिक डिस्कवर ठेवून दोन डेटाबेस सर्व्हर एकाच वेळी त्यावर सोडले, तर काही मिनिटांत चिवडा होतो. पोस्टफिक्ससारख्या मेल सर्व्हरची रांग, म्हणजे जे मेल अजून पुढे जायचे आहेत ते, प्रत्येक सर्व्हरची आपापली असावी. हे सगळं वगळलं की दोनच गोष्टी उरतात: लोकांनी चढवलेल्या फाईली आणि लोकांच्या मेलपेट्या. सामायिक करायचं ते एवढंच. भानगडी जितक्या कमी तितक्या बऱ्या.

आता हे कपाट कसं बनवायचं? तीन वाटा सांगतो.

पहिली आणि सर्वांत जुनी वाट म्हणजे एनएफएस. सन मायक्रोसिस्टिम्सने ती १९८४ मध्ये आणली. तिसऱ्या यंत्रावर डिस्क ठेवायची आणि दोन्ही सर्व्हरनी नेटवर्कवरून ती वापरायची. अर्ध्या तासात उभं राहतं. छोट्या वेबसाईटच्या फाईलींना पुरतं. पण एक लक्षात घ्या. आधी एक यंत्र बंद पडलं की सगळं बंद पडायचं. आताही एक यंत्र बंद पडलं की सगळं बंद पडतं, फक्त ते यंत्र मागच्या खोलीत गेलं. कपाटाचं कुलूप अडकलं तर दोन्ही खिडक्यांवरचे कारकून हात चोळत बसणार.

मेलसाठी आणखी एक अडचण येते. मेल साठवण्याच्या जुन्या एमबॉक्स पद्धतीत एका माणसाचे सगळे मेल एकाच लांबलचक फाईलमध्ये असतात. दोन सर्व्हरनी एकाच वेळी त्यात लिहू नये म्हणून फाईलला कुलूप लावावं लागतं, आणि नेटवर्कवरची कुलपं नेहमीच भरवशाची नसतात. डॅनियल बर्नस्टाईन यांनी क्यूमेल हा मेल सर्व्हर लिहिताना मेलडिर ही पद्धत आणली. तीत प्रत्येक मेल म्हणजे वेगळी फाईल. फाईलच्या नावातच वेळ आणि यंत्राचं नाव असतं, त्यामुळे दोन सर्व्हरनी एकाच क्षणी दोन मेल ठेवले तरी नावं टक्कर खात नाहीत. आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये पूर्ण लिहायचं, मग नव्या मेलच्या फोल्डरमध्ये सरकवायचं. कुलपाची गरज नाही. ही पद्धत लक्षात ठेवा, तिचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे. मेलडिर असलं तरी डोव्हकॉटसारखे मेल सर्व्हर शोध आणि खुणांसाठी स्वतःच्या सूची ठेवतात. त्या बिघडू नयेत म्हणून एका माणसाची पेटी एका वेळी एकाच सर्व्हरवरून उघडावी.

दुसरी वाट डीआरबीडी. व्हिएन्नाच्या लिनबिट कंपनीने ती बनवली आणि २०१० मध्ये लिनक्स कर्नेलच्या २.६.३३ या आवृत्तीत ती सामील झाली. यात तिसरं यंत्र लागत नाही. पहिल्या सर्व्हरच्या डिस्कवर जे लिहिलं जातं, ते नेटवर्कवरून दुसऱ्याच्या डिस्कवरही लिहिलं जातं. यात काही पद्धती आहेत. 'ए' पद्धतीत आपल्या डिस्कवर लिहून झालं आणि दुसऱ्याकडे पाठवायला दिलं, की काम झालं असं मानतात. जलद आहे, पण त्याच क्षणी पहिलं यंत्र मेलं तर शेवटच्या काही गोष्टी जातात. 'सी' पद्धतीत दोन्ही डिस्कवर लिहून झाल्यावरच काम झालं असं मानतात. जरा हळू, पण आपल्या कामाला हीच. साधी फाईलसिस्टिम असेल तर एका वेळी एकच सर्व्हर ती डिस्क वापरतो. तो मुख्य. दुसरा नुसती प्रत ठेवत राहतो आणि मुख्य मेला की त्याची जागा घेतो. दोघांनी एकदम वापरायची असेल तर ओसीएफएस२ किंवा जीएफएस२ अशी खास फाईलसिस्टिम लागते. छोट्या संस्थेने त्या फंदात पडू नये.

तिसरी वाट ग्लस्टर किंवा सेफसारख्या प्रणालींची. तीन किंवा अधिक यंत्रांवर प्रत्येक गोष्टीच्या बहुधा तीन प्रती. मोठ्या व्यापाला चांगलं. दोन सर्व्हरच्या संस्थेने सेफ चालवणं म्हणजे दोन खोल्यांच्या घराला लिफ्ट बसवण्यासारखं आहे.

मी दुसरी वाट घेतली. दोन्ही सर्व्हरमध्ये एक थेट केबल होती. तिच्यावरूनच प्रत जायची आणि तिच्यावरूनच दोन्ही यंत्रं "मी जिवंत आहे" असा निरोप एकमेकांना द्यायची. मेल स्वीकारायला दोन्ही सर्व्हरची नावं सारख्याच प्राधान्याने जाहीर होती. जो मुख्य असेल तो मेल पेटीत ठेवायचा, दुसऱ्याकडे आलेला मेल तो मुख्याकडे सरकवायचा. मी एक सर्व्हर मुद्दाम बंद करून बघितला. दुसऱ्याने अर्ध्या मिनिटात काम हातात घेतलं. आपांना बोलावून दाखवलं. त्या खूश झाल्या. मी तर फारच खूश होतो.

मग एका रात्री पावणेदहाच्या सुमारास ती केबल बंद पडली. का पडली याला महत्त्व नाही. केबल बंद पडतातच.

दोन्ही सर्व्हर धडधाकट होते. पण पहिल्याला वाटलं, दुसरा मेला. तो मुख्य होताच, तसाच चालत राहिला. दुसऱ्याला वाटलं, पहिला मेला. तोही मुख्य झाला. बाहेरच्या जगाशी दोघांचाही संपर्क उत्तम होता. रात्रभर जगातून येणारे मेल काही याच्याकडे, काही त्याच्याकडे आले. दोघेही आपापल्या कपाटात ठेवत राहिले, आणि प्रत्येक मेलला पोच देत राहिले. या अवस्थेला आमच्या क्षेत्रात स्प्लिट ब्रेन म्हणतात. एका शरीरात दोन मेंदू, आणि दोघांनाही वाटतं आपण एकटेच.

सकाळी केबल पुन्हा चालू झाली. दोन्ही यंत्रांनी बघितलं, की आपल्या नोंदी जुळत नाहीत. डीआरबीडी अशा वेळी स्वतः काही ठरवत नाही. ते थांबतं आणि माणसाला विचारतं, कुणाचं खरं धरू? मी ऑफिसला निघायच्या घाईत होतो. इंटरनेटवर उपाय सापडला: एका बाजूला सांगायचं, तुझा डेटा टाकून दे आणि दुसऱ्याकडून सगळं नव्याने घे. एका ओळीची आज्ञा. मी ती दुसऱ्या सर्व्हरवर दिली. पाच मिनिटांत सगळं हिरवं. एकाही माणसाची तक्रार नाही.

एकोणीस दिवसांनी केंद्रात फोन आला. एका बाईने निकाहनामा, पासबुक आणि नवऱ्याकडून आलेली नोटीस पाठवली होती. उत्तर आलं नाही म्हणून तिने पहिला आठवडा वाट बघितली. मग तिला वाटलं, आपली केस घेण्यासारखी नसेल. मेल पोहोचला नसेल असं तिच्या मनातही आलं नाही. दुकानातल्या मुलाने तिला सांगितलं होतं, गेला म्हणून. तो बरोबर सांगत होता.

मी नोंदी तपासल्या. मेल सर्व्हरची नोंदवही सामायिक डिस्कवर नव्हती, प्रत्येक यंत्राची आपली होती, म्हणून ती वाचली. दुसऱ्या सर्व्हरच्या नोंदवहीत ओळ होती: रात्री ११ वाजून १२ मिनिटं, मेल आला, स्वीकारला, पेटीत ठेवला. पेटीत मात्र तो नव्हता. कारण सकाळी मी तो पुसला होता.

आपांना सांगायला गेलो तेव्हा मी म्हणालो, "त्या रात्री काही मेल गेले." त्यांनी विचारलं, "गेले, की आपण घालवले?"

या प्रश्नावर मी पुढे खूप विचार केला. मेल देवाणघेवाणीचे नियम एसएमटीपी या नावाने १९८२ पासून लिहून ठेवलेले आहेत. पाठवणारा सर्व्हर मेल देतो आणि घेणारा शेवटी एक आकडा सांगतो: २५०. त्याचा अर्थ, मिळालं, आता जबाबदारी माझी. त्यानंतर पाठवणारा आपली प्रत टाकून देऊ शकतो. आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे, अमानत. २५० म्हटलं की ती वस्तू आपल्याकडे अमानत झाली. त्या रात्री माझ्या सर्व्हरने तिला पोच दिली होती.

आता याच नियमांची दुसरी बाजू बघा. घेणारा सर्व्हर सापडलाच नाही, किंवा "आत्ता नको, नंतर ये" म्हणाला, तर पाठवणारा मेल फेकून देत नाही. तो रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. किमान चार-पाच दिवस प्रयत्न करावेत असं नियमच सांगतो. म्हणजे त्या रात्री माझे दोन्ही सर्व्हर चक्क बंद पडले असते तरी कुणाचा मेल सहसा हरवला नसता. सकाळी सगळे येऊन पडले असते. मेल हरवले ते दोन्ही चालू राहिले म्हणून.

मी 'बंद पडू नये' या एकाच गोष्टीच्या मागे लागलो होतो. प्रश्न चुकीचा होता. आधी विचारायला हवं होतं, बंद पडलं तर काय बिघडतं, आणि चुकीचं चाललं तर काय बिघडतं? एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलं, आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये गणिताने सिद्ध केलं, की यंत्रांमधला संपर्क तुटला की दोनपैकी एक गोष्ट सोडावी लागते: एक तर प्रत्येकाला उत्तर देत राहणं, नाही तर सगळ्यांच्या नोंदी एकसारख्या ठेवणं. दोन्ही एकदम मिळत नाहीत. आपण निवडलं नाही तर यंत्र आपल्या वतीने निवडतं.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबच्या दोन केंद्रांमधला संपर्क ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरच्या डेटाबेसमध्ये अशा नोंदी झाल्या, ज्या दुसरीकडे नव्हत्या. ४३ सेकंदांचं ते प्रकरण निस्तरायला २४ तास ११ मिनिटं लागली. त्यांनी घाई केली नाही. साईट अर्धवट चालली तरी चालेल, लोकांचा डेटा जाता कामा नये, असं ठरवून काम केलं. माझ्या पाच मिनिटांशी त्याची तुलना करा.

मग करायचं काय? तीन गोष्टी सांगतो.

एक, तिसरं मत. दोघांचं भांडण दोघांत सुटत नाही. तिसरं यंत्र ठेवा. ते छोटं चालेल, त्यावर डेटा नसला तरी चालेल, फक्त ते वेगळ्या वाटेने दोघांच्या संपर्कात हवं. नियम असा, की तीनपैकी दोन मतं असतील तरच लिहायचं. एकटा पडलेला सर्व्हर, कितीही धडधाकट असला तरी, गप्प बसतो. याला कोरम म्हणतात. आपल्या संस्थांच्या सभेला गणसंख्या लागते तसंच. डीआरबीडीच्या नवव्या आवृत्तीत असं डिस्क नसलेलं तिसरं मत ठेवता येतं.

दोन, दुसऱ्याला खात्रीने थांबवणं. "तो मेला असावा" यावर काम हातात घ्यायचं नाही. आधी दूरनियंत्रणाने त्याची वीज तोडायची, तुटल्याची खात्री करायची, मग पुढे. याला स्टोनिथ म्हणतात. समोरच्या यंत्राच्या डोक्यात गोळी घाला, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. नाव रांगडं आहे, पण बेत शहाणपणाचा आहे. आणि "मी जिवंत आहे" हा निरोप एकाच केबलवरून कधीच पाठवू नका. किमान दोन वाटा हव्यात.

तीन, टाकून देण्याआधी प्रत काढा. त्या सकाळी मी दुसऱ्या सर्व्हरची डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली असती, रात्रीपासूनच्या फाईली बाजूला काढल्या असत्या आणि मग आज्ञा दिली असती, तर काहीच गेलं नसतं. आमची पेटी मेलडिर पद्धतीची होती. प्रत्येक मेल वेगळी फाईल, नावं टक्कर न खाणारी. नुसत्या उचलून दुसऱ्या पेटीत ठेवायच्या होत्या. दहा मिनिटांचं काम होतं. मला पुढची लोकल पकडता आली असती.

आता बॅकअप. दोन डिस्कवर एकच गोष्ट आहे म्हणजे बॅकअप आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. एकीकडे चुकून पुसलं की दुसरीकडेही त्याच क्षणी पुसलं जातं. कपाटाला आरसा लावला म्हणून कागद दोन होत नाहीत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा, दुसऱ्या सर्व्हरवर आहोत असं समजून, मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसलं. बॅकअपच्या अनेक सोयी कागदावर होत्या. बघायला गेले तर रोजचा बॅकअप बनतच नव्हता. तो फसल्याची सूचना मेलने येणार होती, आणि ते मेलच नाकारले जात होते. सुमारे सहा तास आधी सहज काढलेली एक प्रत होती म्हणून ते वाचले. तरी सहा तासांचा डेटा गेला. हे सगळं त्यांनी लपवलं नाही, जगासमोर मांडलं, म्हणून आज आपण त्यातून शिकू शकतो.

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. काही ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता, तोही गेला. म्हणून साधा नियम: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. आणि दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून एखादी पेटी खरोखर परत उभी करून बघा. परत आणून न बघितलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत.

प्रतींबद्दल आणखी एक. प्रत जितकी वाढते, तितकी फुटायची जागा वाढते. आपल्याकडे येणारे कागद साधे नसतात. एखादीने घरातून लपवून पाठवलेला फोटो चुकीच्या माणसाच्या हाती पडला तर तिचं काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक डिस्क आणि प्रत्येक बॅकअप कूटबद्ध ठेवा. कुणाला काय उघडता येतं याची यादी ठेवा. केस संपली आणि गरज उरली नाही की कागद पुसा, आणि बॅकअपमधूनही पुसा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचंही हेच म्हणणं आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती ठेवायची नाही. चळवळीचे दस्तऐवज मात्र वेगळे. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिला मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. असा इतिहास जपायचा असतो. एखादीची खाजगी फाईल जपायची नसते, सांभाळायची असते आणि काम झालं की मिटवायची असते. हा फरक यंत्राला कळत नाही, आपल्याला ठरवावा लागतो.

शेवटचा मुद्दा माणसांचा. सर्व्हर दोन केले, डिस्क दोन केल्या, पण पासवर्ड एकट्या माझ्याकडे होता. डोमेनचं नूतनीकरण माझ्या वैयक्तिक मेलवर यायचं. मी आजारी पडलो असतो, रुसून गेलो असतो, तर संस्था अंधारात. एक बंद पडला तर दुसरा चालेल असं काही कर, असं आपा म्हणाल्या होत्या. ते मी माझ्या बाबतीत केलंच नव्हतं. नंतर केलं. आता तिथे तिघांकडे चाव्या आहेत, काय बिघडल्यावर काय करायचं ते मराठीत लिहिलेलं आहे, आणि पहिली ओळ अशी आहे: घाई करू नका, आधी प्रत काढा.

तुम्ही विचाराल, एवढं करण्यापेक्षा तयार मेलसेवा विकत का घेऊ नये? जरूर घ्या. छोट्या संस्थेने तेच करावं, असं माझं मत आहे. पण प्रश्न तेच राहतात. पोच दिल्यावर मेल किती ठिकाणी लिहिला जातो? चुकून पुसला तर किती दिवस परत मिळतो? बॅकअप कुठे आहे? चावी कुणाकडे आहे? ही उत्तरं माहीत नसतील तर आपण फक्त जबाबदारी दुसऱ्याच्या दारात ठेवून आलो.

त्या रात्रीचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. नोंदवहीत पाठवणाऱ्यांचे पत्ते शिल्लक होते. दुसऱ्या सर्व्हरवर त्या रात्री तेवीस मेल आले होते. बरेचसे जाहिरातींचे होते. चार मदत मागणारे. आपा आणि मी बसून चौघींना लिहिलं, की तुमचा मेल आम्हाला मिळाला होता, आमच्या चुकीने तो गेला, कृपया पुन्हा पाठवा. "तांत्रिक अडचणीमुळे" असं मी आधी लिहिलं होतं. आपांनी ते खोडलं आणि "आमच्या चुकीने" असं घातलं.

तिघींनी पुन्हा पाठवलं. फोन करणारी बाई त्यांत होती, तिचं काम पुढे मार्गी लागलं. चौथीचं उत्तर आलं नाही. तो पत्ता एका दुकानाचा होता. तिथे फोन केला तर त्यांना आठवत नव्हतं, कोण आलं होतं. ती कोण होती, काय मागत होती, मला माहीत नाही. तिला आम्ही पोच दिली होती, एवढंच मला माहीत आहे.

तुमच्या हातात उद्या असे सर्व्हर येतील तेव्हा आधी तिचा विचार करा, मग केबल जोडा.